मुक्कामाचा रकाना

“सोने, तुझा कंगवा माझ्याच पेटीत राहिला गं,” कन्नडची पोरगी सिल्लोडच्या पोरीला म्हणाली, आणि मी वॉर्डाच्या दारातच थांबले. मी खरं तर वर आले होते ते एका नळीवरचं अक्षर लागेना म्हणून. वय नऊ की एकोणीस एवढंच विचारायचं, खाली लॅबमध्ये परतायचं आणि सोमवारची यादी पुरी करायची. पण हातातल्या कागदावर पलंग चार, अंबिका, तालुका कन्नड असं होतं. पलंग पाच, सोनिया, तालुका सिल्लोड असं होतं. आणि या दोघींचा कंगवा एका पेटीत होता. कन्नड चाळीसगावच्या रस्त्याला, सिल्लोड जळगावच्या. नऊ-दहा वर्षांच्या या पोरी एकमेकींना ‘सोने’ म्हणायला भेटणार कुठं? उजेड सोसवेना म्हणून दोघींनी डोळ्यांवर ओढण्या घेतल्या होत्या. मान वळत नव्हती, तर छताकडं तोंड करून बोलत होत्या. “तुझी वही वार्डनबाईनं घेतली.” “घेऊ दे भवानीला.” मला आधी हसू आलं. उलट्या थांबल्या की तिसऱ्या दिवशी पोरी अशाच बोलायला लागतात. मग ‘वार्डनबाई’ हा शब्द डोक्यात शिरला. मी कागदाकडं पाहिलं, पोरींकडं पाहिलं, आणि मला त्या कागदाचा भयंकर राग आला. कागद खोटं बोलत नव्हता. दोन्ही पत्ते खरे होते.

मी तनुजा जंजाळ. एका संस्थेच्या हॉस्पिटलात एकवीस वर्षं लॅबमध्ये आहे आणि भांडखोर म्हणून मशहूर आहे. पाठीतलं पाणी माझ्याकडं येतं. लोक त्याला भितात, ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ म्हणतात, आणि मी रोज कुणाला तरी सांगते की पडत नाही, बाबा, अर्ध्या चमच्याची गोष्ट आहे. नळी उजेडात धरली की निम्मं तिथंच कळतं. पाणी गढूळ असलं तर जंतू. मग साखर उतरलेली असते आणि डॉक्टरांना पळायला लागतं. पाणी स्वच्छ असलं, साखर जागेवर असली, पांढऱ्या पेशी तेवढ्या वाढलेल्या असल्या, तर बहुतेक विषाणू. विषाणूंतही जाती आहेत. आतड्यात मुक्काम करणारे एंटेरोव्हायरस सगळ्यांत जास्त. हाताला लागतात, पाण्यात उतरतात, एकाच मगानं पाणी पिणाऱ्या पोराटोरांत फिरतात. मग गालगुंडाचा, कांजिण्यांचा, ओठावर पुरळ आणतो तो, डासांकडून येणारे वेगळे. बाहेर मात्र सगळ्याला एकच नाव, मेंदूज्वर, आणि आमच्या गावाकडं तर तेही नाही. तिथं नुसता ताप. माणूस तापानं गेला, पोरगं तापानं वाया गेलं. तापाला घर नसतं, गाव नसतं, तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. मला या शब्दाची चीड आहे आणि ती कुठून आली ते मला चांगलं माहीत आहे.

यादीची रीत अशी. दर सोमवारी पाचच्या आत जिल्ह्याला यादी जाते. नाव, वय, पत्ता, ताप कधी आला, पाठीच्या पाण्यात काय निघालं. पत्ता आमचा काउंटरवरचा सोमनाथ भरतो, आणि तो आधार कार्ड बघून भरतो, कारण उपचार योजनेत बसवायचे तर कार्डावर जे असेल तेच लिहावं लागतं. त्याचं काही चुकत नाही. जिल्ह्याला मग त्या पत्त्याप्रमाणे नकाशावर ठिपके देतात. गेल्या पंधरा दिवसांत माझ्याकडं स्वच्छ पाण्याच्या सात नळ्या आल्या होत्या. सातही पोरी, आठ ते बारा वयाच्या. कन्नड एक, सिल्लोड एक, पैठण एक, वैजापूर एक, फुलंब्री एक, गंगापूर दोन. नकाशावर कुणी मूठभर ज्वारी फेकावी तसे ठिपके, आणि त्याच्या खाली मी स्वतःच्या हातानं गेल्या सोमवारी शेरा लिहिला होता : तुरळक. काय गोड शब्द आहे. तुरळक म्हणजे काळजी नको, तुरळक म्हणजे जेवून झोपा. सात पोरी माझ्या टेबलावरून गेल्या आणि मला एकीनंही ओरडून सांगितलं नाही की बाई, आम्ही सगळ्या एका खोलीत झोपतो. कशा सांगतील? मी नळ्यांना विचारत होते.

मी सोनियाच्या पलंगाशी गेले. “बाळा, ताप यायच्या आधी कुठं होतीस?” एवढंच विचारलं. ती तोंड उघडणार तेवढ्यात पलंग चारच्या उशाशी बसलेली म्हातारी उठली. अंबिकाची आजी, चतुराबाई. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, हातात पोरीच्या दुधाचा पेला. “घरीच व्हती जी ती बी,” म्हातारी म्हणाली. दुसऱ्याच्या नातीचं उत्तर ही बया देत होती! मी अंबिकाकडं वळले. “आणि तू गं?” अंबिका ओढणीखालून म्हणाली, “आम्ही दोघी वसति...” आणि थांबली. मी पाहिलं. म्हातारीची दोन बोटं पोरीच्या दंडावर होती. मांसाची चिमूट धरलेली. पेला दुसऱ्या हातात तसाच, एक थेंब सांडला नव्हता. “घरी व्हते,” अंबिका म्हणाली. माझा स्वतःचा डावा दंड दुखायला लागला, खरंच दुखायला लागला, आणि मी जिन्यात येऊन उभी राहिले.

त्या जागेवर मला छत्तीस वर्षांपूर्वी चिमटा बसला होता. मी अकरा वर्षांची, माझा भाऊ सांडू सहा वर्षांचा. त्याच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले, म्हणून हा झाल्यावर त्याला सुपात घालून अंगणात ओतला आणि सांडू नाव ठेवलं; सांडलेलं कुणी उचलत नाही, यमसुद्धा नाही, असं आजी म्हणायची. ते दोघं गेले त्या दोन्ही वेळी आई माहेराहून, कन्नडकडून, नुकती परतली होती. झालं. आमच्या घरात तिच्या माहेराला नजर लागलेलं घर म्हणायचे. सांडू झाल्यावर सहा वर्षांत तिला पहिल्यांदा दिवाळीला पाठवलं, आम्हा दोघांना घेऊन. बन्सीमामाच्या घरी चारही पोरांचे गाल सुजलेले होते, त्यावर हळद-चुन्याचा लेप, आणि आम्ही त्यांच्यासोबत एका ताटात करंज्या खाल्ल्या. मला ती लेपाची वाळलेली पापुद्री अजून दिसते. मामाची धाकटी ती नखानं काढून आम्हाला दाखवायची. आम्ही परत आलो आणि अडीच आठवड्यांनी सांडूला ताप चढला. उलट्या, मान ताठ. त्याचे गाल मात्र सुजलेच नाहीत. सिल्लोडच्या डॉक्टरांनी त्याचं डोकं उचलून पाहिलं आणि आईला विचारलं, “सारजाबाई, गेल्या महिन्याभरात पोरगं बाहेर कुठं गेलं होतं? कुणाकडं आजारी पोरं होती का?” दारात आजी उभी होती. आई म्हणाली, “नाय. घरीच व्हता.” मी तोंड उघडलं, आणि आईनं पदराखालून माझ्या दंडाला चिमटा घेतला. खरं सांगितलं असतं तर तिचं माहेर जन्माचं बंद झालं असतं. हे मला तेव्हाच कळत होतं. अकरा वर्षांच्या पोरीला सगळं कळतं.

सांडू वाचला. महिन्यानं शाळेत गेला, आणि तिथून त्याचे हाल सुरू झाले. गुरुजी उभं राहा म्हणायचे, हा बसलेला. पाढा म्हण म्हणायचे, हा खिडकीतून बघत असायचा. मग छडी. तळहातावर, पोटऱ्यांवर, लिंबाची ओली छडी. घरी बापाची कानफटात. तापानं डोकं गेलं, हट्टी झालं, गाढव झालं. दोन वर्षं. दोन वर्षं माझ्या भावानं मार खाल्ला, का खातो ते त्याला माहीत नाही. मग एकदा माझ्या हातून पाण्याची घागर सुटली, त्याच्या पाठीमागं, फरशीवर. आजी किंचाळली, कोंबड्या उडाल्या, शेजारच्या बायका धावत आल्या, आणि सांडू गोट्या खेळत होता. पाणी त्याच्या चड्डीपर्यंत आलं तेव्हा त्यानं वळून पाहिलं. एक कान पुरता गेला होता, दुसरा अर्धा. पुढं शिकल्यावर मला कळलं की गालगुंड गाल न सुजताही मेंदूच्या आवरणात शिरतो, आणि जाताना कान घेऊन जाऊ शकतो. तेव्हा खरं सांगितलं असतं तर कान वाचला असता असं मी म्हणत नाही. त्यावर औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही. पण डॉक्टरांनी गालगुंड लिहिलं असतं, कान तपासा म्हटलं असतं. त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं. दोन वर्षांच्या छड्या वाचल्या असत्या. आईनं भीतीपोटी चिमटा घेतला, मी चिमट्यापोटी गप्प बसले, आणि डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : ताप.

जिन्यात किती वेळ उभी होते कोण जाणे. खाली रिक्षावाला कुणाशी तरी ‘औरंगपुरा के साठ, एक रुपया कम नहीं’ म्हणून हुज्जत घालत होता. मी परत वर गेले. आता सरळ विचारायचंच नाही असं ठरवलं. म्हातारीशेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, “आजी, हिची आई नाय आली?”

“बाळंतीण हाय ना ती,” चतुराबाई म्हणाली. चेहरा एकदम उजळला. “अकरा दिस झाले. पोरगा झालाय. गोराप्पान.”

“घरीच आहेत दोघं?”

“मंग कुठं? ही बी तिथंच व्हती तापात. तीन दिस त्याला मांडीवर घिऊन बसली. लई जीव हाय तिचा भावावर.”

मोठ्या पोरांना हा आतड्यातला विषाणू आठवड्याभरात सोडतो, पण तान्ह्या बाळाला गाठलं तर तो दयामाया करत नाही. मी म्हातारीचा हात धरला. तिला न घाबरवता सांगायचं ठरवलं होतं, पण मला तसं येतच नाही. “आजी, हे पोटातून पसरतं. बरं झालं तरी कित्येक आठवडे संडासातून पडत राहतं. घरी आत्ता फोन लावा. बाळ अंगावर पितंय का, अंग गरम आहे का, नुसतं झोपून राहतंय का, विचारा.” तिनं कनवटीचा फोन काढला, नंबर मी लावून दिला. पलीकडं सून बोलली. पितंय. अंग थंड आहे. आत्ताच मुतलं अंगावर. म्हातारीनं डोळे पुसले आणि मीही पुसले, खोटं कशाला बोलू. मी सुनेला सांगितलं, हात साबणानं, प्रत्येक वेळी, आणि बाळ जरा जरी सुस्त वाटलं तर गाडी करून थेट इथं, शेक-बिब्बा करत बसू नका.

“आता तरी सांगा,” मी म्हटलं.

म्हातारीनं आजूबाजूला पाहिलं. “बाई, साळंत नाव कमी करतील पोरीचं. वार्डनबाईनं निघतानाच बजावलं. ताप आला की घरी न्या, अन् दवाखान्यात इचारलं तर घरीच व्हती म्हणा. तिथं फुकट हाय सगळं. खाणं, वह्या, इंग्रजी. आमच्या सात पिढ्यांत कुणी इंग्रजी बोललंय? ही बोलती.” मग हळूच, “साठ पोरी हायेत. खाली हौद हाय. एकच मग, साखळीनं बांधलेला.”

हे वसतिगृह आमच्याच संस्थेचं. मुलींची निवासी शाळा त्यांची, हॉस्पिटल त्यांचं, माझा पगार त्यांचा. नळ आठवड्यानं येतो तेव्हा हौद भरून ठेवतात, मधे टँकर. यात जगावेगळं काही नाही, आमच्या गल्लीतही तेच. आणि ताप आला की पोरीला घरी धाडायची रीतही जुनी. आई जवळ असली की पोरगी लवकर बरी होते, असं ते प्रेमानं म्हणतात. पण त्या रीतीनं काय होत होतं बघा. आजार एका हौदावर, आणि ठिपके सात गावांत. जितक्या लवकर घरी धाडायचे तितका नकाशा स्वच्छ. मी खाली आले, संगणकावर यादी उघडली, पत्त्याच्या शेजारी नवा रकाना घातला आणि वर लिहिलं : मुक्काम, मागील तीन आठवडे. बाकीच्या सहाही घरांना फोन केले. आधी सगळ्यांनी ‘घरीच होती’ म्हटलं. मग मी अंबिकाच्या भावाची गोष्ट सांगितली, आणि चार घरांनी खरं सांगितलं. दोघांनी फोन ठेवला. त्या दोघीही वसतिगृहातल्याच हे अंबिकानं सांगितलं, कुठल्या खाटेवर झोपायच्या तेही.

डॉ. अभय आमचे अधीक्षक. माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. पेशी मोजायला मला त्यांनीच शिकवलं, ते नवे होते आणि मीही नवी होते तेव्हा. त्यांनी यादी पाहिली, चष्मा काढला.

“जंजाळ मॅडम, हा रकाना फॉर्ममध्ये नाही.”

“म्हणून तर घातला, सर.”

“महालक्ष्म्यांना सगळ्या मुली घरी गेल्या होत्या. ताप घरून आणला नसेल कशावरून?”

“सात गावांतल्या सात घरांना एकाच पंधरवड्यात एकच ताप कसा येतो? आणि पहिल्या दोघींना सणाच्या आधीच आलाय. तारखा बघा.”

त्यांनी तारखा पाहिल्या. “पुण्याचा अहवाल येऊ द्या. विषाणू कुठला ते तरी कळू द्या.”

“पुण्याला नळ्या जातील तेव्हा जातील. आधी हौदाचं पाणी तपासायला हवं, साठ पोरींचे हात धुवायला हवेत, आणि घरी धाडणं आज थांबवायला हवं. आज.”

“मुली बऱ्या होतात, तनुजा,” ते हळू म्हणाले. कित्येक वर्षांनी त्यांनी मला नावानं हाक मारली. “सगळ्या बऱ्या होतात. आठवड्यात उड्या मारतात. वर्तमानपत्रात आलं तर वसतिगृह बंद पडेल. मग त्या साठ जणी कुठं जातील? शेतात. लग्नाच्या मांडवात. त्या अंबिकाच्या आजीला हे विचारलंस?”

हा वार बरोबर लागला. मी विचारलं नव्हतं. “रकाना काढून प्रिंट आणा,” ते म्हणाले, “मी सही करतो, तुम्ही करा,” आणि मी खाली आले.

खाली येऊन मी खरंच रकाना काढला. हे लिहायला लाज वाटते पण काढला. प्रिंट घेतली. सात ओळी, सात गावं, खाली तोच शेरा ‘तुरळक’, एकही डाग नाही. शीतपेटीत सात नळ्या, शेजारी घशाचे आणि शौचाचे नमुने, त्यांच्यावर बर्फाच्या थैल्या, पुण्याला जायला तयार. मला वाटलं, माझ्या आईलाही असंच वाटलं असेल. माहेर बंद पडेल. घरीच होता म्हटलं की झालं. प्रत्येक वेळी गप्प बसायला एक चांगलं कारण असतंच, आणि ते कारण नेहमी कुणाच्या तरी भल्याचं असतं! मी फोन काढला आणि सांडूला लिहिलं. तो सिल्लोडला शिलाईचं दुकान चालवतो, शाळांचे गणवेश शिवतो, समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतो, आणि आम्ही भाऊ-बहीण लिहूनच बोलतो. छत्तीस वर्षांत जे लिहिलं नव्हतं ते लिहिलं : तू आजारी पडलास त्याच्या आधी आपण बन्सीमामाकडं होतो. तिथं सगळ्यांना गालगुंड होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं. मी बोलले नाय.

दोन निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, गेला भाऊ. मग उत्तर आलं : माहीत हाय. आईनं जाताना सांगितलं. तू लहान होतीस. आणि खाली दुसरं : आता मोठी हायेस ना?

मी रडले नाही. मला संताप आला, त्याचा नाही, आईचाही नाही, माझा. अगं बये, सत्तेचाळीस वर्षांची झालीस, किती मोठं व्हायचं अजून? मी वॉर्डात गेले आणि चतुराबाईसमोर उभी राहिले. “आजी, मी खरं लिहिणार आहे. शाळा बंद पडेल असं साहेब म्हणतात. मला वाटतं हौद साफ होईल, एकाचे चार मग होतील, आणि पोरी तिथंच राहतील. पण मी हमी देऊ शकत नाय. म्हणून तुम्हाला आधी सांगायला आले.”

म्हातारीनं अंबिकाच्या दंडावरून हात फिरवला, जिथं चिमटा घेतला होता तिथं. तिथं लाल झालं होतं. “नाव कमी केलं तर मी जाऊन बसंन तिथं दारात,” ती म्हणाली. “मी बी कुणाला भीत नाय. आमच्यावानी दुसरीच्या घरी बी तान्हं असंल. लिही.”

साडेचार वाजले होते. मी प्रिंट टेबलावर पसरली. फॉर्ममध्ये रकाना नव्हता तर नव्हता. निळ्या पेननं कडेच्या कोऱ्या पट्टीत उभी रेघ ओढली आणि सातही ओळींपुढं एकच गोष्ट सात वेळा लिहिली : मुक्काम, मुलींचे वसतिगृह. ‘तुरळक’ खोडलं, एका रेघेनं, खाली काय होतं ते वाचता येईल असं. त्याच्या जागी लिहिलं : एकाच ठिकाणचा उद्रेक असण्याची दाट शक्यता, पाणी तपासावे, आजारी मुलींना घरी पाठवू नये, ज्या गेल्या त्यांच्या घरच्या तान्ह्या बाळांवर लक्ष ठेवावे. आणि मोठी सही केली. डॉ. अभय दारात उभे होते. कधी आले कळलं नाही.

“हे अंगाशी येईल,” ते म्हणाले.

“येऊ द्या.”

“मी यावर सही करणार नाही.”

“नका करू. खाली दोन जागा आहेत, तुमची मोकळी राहील. जिल्ह्याला दिसेल की मोकळी आहे.”

त्यांनी कागदाकडं पाहिलं, शीतपेटीकडं पाहिलं. मला वाटलं कागद उचलतील, फाडतील. मी तयार होते, दुसरी प्रत ओच्यात होती. पण ते नुसते म्हणाले, “बर्फ बदलला का? पुण्यापर्यंत टिकायला हवा,” आणि निघून गेले. मी बर्फ बदलला. पाचला वीस मिनिटं असताना यादी स्कॅन होऊन जिल्ह्याला गेली, एका सहीची.

पेटी द्यायला मी पुढच्या दारात गेले तेव्हा काउंटरवर गर्दी होती. एक बाई पोरीला कडेवर घेऊन उभी होती, पोरगी चांगली दहा वर्षांची, पाय खाली लोंबत होते, तोंड आईच्या खांद्यात खुपसलेलं, उजेड नको म्हणून. सोमनाथ आधार कार्ड बघून टाइप करत होता. मुक्काम पोस्ट, तालुका पैठण. मी पेटी खाली ठेवली आणि पुढं झाले.

“ताप कधीपासून, ताई?”

“परवापासनं.”

“त्याआधी कुठं होती?”

“घरीच व्हती,” बाई चटकन म्हणाली, आणि तिचा मोकळा हात वर आला, पोरीच्या दंडाकडं. दोन बोटं जुळत होती. मी तो हात मधेच पकडला. जोरात नाही, पण सोडलाही नाही. बाई माझ्याकडं बघत राहिली, सोमनाथ टाइप करायचं थांबला. मी वाकून पोरीच्या कानाशी तोंड नेलं.

“आईला नाय विचारत मी. तुला विचारते. सांग, कुठं होतीस?”

पोरीनं खांद्यातून एक डोळा वर काढला. आईकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या आईच्या हाताकडं.

“वसतिगृहात,” ती म्हणाली.

“लिही, सोमनाथ,” मी म्हटलं. “पत्त्याच्या पुढं लिही.”